छातीपर्यंतचा फोटो

मामाजींना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, बायपाससाठी नागपूरला नेण्याआधी स्वतःच्या हातचं काहीतरी द्यावं, असं मी ठरवलं. (माझी पुरणपोळी फुटते. म्हणून फोटो.) लग्न नवीन, घरात माझं बोलणं बेताचं, पण सौंसरच्या कॉलेजात फोटोग्राफी शिकले होते. मामाजींना ओसरीवर बसवून क्लोज-अप घेतला. अँगल डोळ्यांच्या उंचीचा, मागची भिंत धूसर, माणूस छातीपर्यंत. क्लोज-अपनं माणूस जवळ येतो, असं आमचे सर सांगत. फ्रेम करून आणली.

सासूबाईंनी फ्रेमवरचा कागद सोडला आणि मटकन खाली बसल्या.

"अवो माय! आत्ताच?"

"काय झालं, आई?"

"एकट्या माणसाचा असा छातीपर्यंतचा फोटो आपल्या घरात कोणाचा लावते? वर पाह्य."

भिंतीवर आजेसासरे, आजेसासू, एक काका. सगळे छातीपर्यंत, सगळे हारात. जिवंत माणसं कपाटावर, घोळक्यानं, डोक्यापासून चपलेपर्यंत. या घरात फ्रेमिंगचा नियम ठरलेला होता: जिवंत माणसाचे पाय दिसतात. (हे आमच्या सरांना ठाऊक नव्हतं.)

तेवढ्यात शेजारचे सुखदेवकाका आले. फ्रेम पाहिली, टोपी काढली, मान खाली घालून बसले.

"कधी झालं?"

"अजून नाही झालं," कोपऱ्यातल्या खाटेवरून मामाजी म्हणाले.

मग त्यांनी फोटो हातात घेऊन पाहिला आणि माझ्या नवऱ्याला हाक मारली.

"गौरव, गाडीवाल्याले नाही सांग. मी येत नाही."

"बाबा, काय करून राहिले तुम्ही? डॉक्टर म्हणाले, आता लांबवू नका!"

"फोटो तयार हाय. मंग तिथं जाऊन कायले मरू? अन् डोळे पाह्य कसे आले. हा माणूस वापस येणाऱ्यातला दिसते काय?"

डोळे खरंच छान आले होते. तेच वाईट झालं.

सकाळी गाडी दारात, मामाजी भिंतीकडे तोंड करून. गौरव दोनदा गाडीवाल्याला थांबायला सांगून आला. मला रागावला असता तर बरं झालं असतं. शेवटी मीच खाटेजवळ गेले.

"मामाजी, लाँग शॉट घेऊ. सगळ्यांचा. पायांसकट."

मामाजींनी मान वळवली. मग, "चपला येतीन?"

"येतील."

"दोन्ही?"

"दोन्ही."

अंगणात सगळ्यांना उभं केलं. संत्र्याच्या क्रेटवर मोबाइल टेकवला.

"तूही ये ना!" गौरव म्हणाला. टायमर लावून धावले आणि जागा मिळेल तिथं, सगळ्यांच्या पुढं, खाली बसले.

मामाजींनी मोबाइल हातात घेऊन बोटानं एकेकाचे पाय तपासले. त्यांचे स्वतःचे, सासूबाईंचे, गौरवचे, सुखदेवकाकांचे. चपला स्पष्ट. कॅमेऱ्याच्या अगदी पुढ्यात बसलेली मी तेवढी छातीपर्यंत.

सगळे माझ्याकडे पाहू लागले.

"चाला बाप्पा," मामाजी उठले, "माहा नंबर सूनबाईनं घेतला."

आणि खरंच गाडीत जाऊन बसले. त्यांच्या शेजारी सासूबाई. डोळे पुसले, काच खाली केली, मला जवळ बोलावलं. मला वाटलं, आशीर्वाद देतील.

"ते फ्रेम फेकू नको, सूनबाई. तुले बराबर बसते."