ट्रॉलीवरची स्पोर्ट्स कार

१९९८ सालच्या पोळ्यानंतर बोरझरी गावात एक लाल रंगाची स्पोर्ट्स कार आली आणि पहिल्याच फेरीत रस्त्यावर अडकली. गावातून आष्टीकडं जाणाऱ्या रस्त्याला ट्रॅक्टरच्या चाकांनी दोन खोल चाकोऱ्या पाडल्या होत्या आणि मधे गुडघाभर उंचवटा राखून ठेवला होता. कोंबडी अंड्यावर बसावी तशी ती गाडी या उंचवट्यावर जाऊन बसली. मागची चाकं हवेत गरागरा फिरत राहिली, इंजिन डरकाळ्या फोडत राहिलं आणि गाडी तसूभरही पुढं सरकली नाही.

गाडी होती तातेरावांची. बियाण्यांच्या दुकानाला दोन वर्षं बरकत आली होती, म्हणून जालन्याच्या एका हौशी माणसाकडून त्यांनी ती जुनी उचलली होती. गावानं बराच वेळ फिरणारी चाकं बघितली आणि सरपंच बद्रीनाथ यांनी निदान केलं.

"गाडीत दम न्हाई."

माजी सरपंच श्रीपती हे बद्रीनाथांच्या प्रत्येक वाक्याला विरोध करत. पण इथं त्यांनाही मान्य करावं लागलं, कारण रस्त्यात खोट आहे म्हणावं तर तो रस्ता त्यांच्याच कारकिर्दीत झालेला होता.

गर्दीच्या कडेला तारा उभी होती. यंदा ती दहावीला होती. मागच्या वर्षापर्यंत पाहुण्यांसमोर पाण्याचा तांब्या ठेवून आत पळणारी ही मुलगी वक्तृत्व स्पर्धेत पहिली काय आली, तेव्हापासून तिला बोलण्याची चटकच लागली होती. पण बोलायचं ते शाळेत, आणि शाळा होती आष्टीला. आषाढात खड्ड्यांनी स्प्रिंगांचे पाटे तुटायला लागले म्हणून डेपोनं बोरझरीची बस बंद केली, तेव्हापासून तारा घरीच होती. तिच्यासारख्या दहावीतल्या आणखी दोघी होत्या, त्याही घरीच.

"आबा, नऊ किलोमीटर तर हाय. आमी तिघी चालत जातो," तिनं वडलांना, रामकिसनला, कितीदा तरी सांगून पाहिलं होतं.

"पोरी एकट्या चालत? लोक काय म्हन्तील."

"मंग कडूबामामाच्या ट्रॉलीत जातो."

"पोत्यावानी ट्रॉलीत बसून? लोक काय म्हन्तील."

"लोक म्हंजी कोन, आबा?"

"ते मला काय ठावं. पन म्हन्तील."

तर गाडीच्या पाहणीसाठी रस्त्यांच्या खात्यातले नरहर साहेब आले. त्यांची जीप वेशीच्या बरीच अलीकडं चिखलात थांबली. साहेब बूट हातात घेऊन, धोतरासारखी पँट वर खोचून गावात पोचले. पाय धुतले, चहा घेतला आणि गंभीरपणे निष्कर्ष जाहीर केला.

"रस्ता नियमानुसार आहे. वाहनामध्ये शक्तीची कमतरता आढळते. शक्ती वाढवण्याचे दोन मान्यताप्राप्त उपाय आहेत, एक सुपरचार्जर आणि दुसरा टर्बोचार्जर. ग्रामस्थांनी एकमताने एक निवडावा, म्हणजे खात्याला काही करावं लागणार नाही."

"साहेब, दोन्हीत फरक काय?" तातेरावांनी विचारलं.

साहेबांनी घड्याळात पाहिलं. कोपऱ्यातून ताराच बोलली. शाळा बंद पडली तरी तिची पुस्तकं बंद नव्हती.

"इंजिनात हवा जास्ती कोंबली की ताकद वाढती. सुपरचार्जर इंजिनालाच पट्टा लावून फिरतो, म्हंजी इंजिनाच्या कमाईतला वाटा आधी स्वतः घेतो. पन काम जल्दी, पाय दिला की सुरू."

"म्हंजी सरपंचावानी," मागून कोणीतरी म्हणालं. बद्रीनाथ खूश झाले. त्यांना "काम जल्दी" एवढंच ऐकू आलं होतं.

"आन टर्बो गाडीच्या फेकून द्यायच्या धुरावर फिरतो. इंजिनावर भार लई कमी. पन धूर जमा झाल्याबिगर जागा होत न्हाई. एकदा जागा झाला की मंग आवरत न्हाई."

आता सगळ्यांनी नरहर साहेबांकडं पाहिलं. साहेब दुसरा चहा घेत होते.

बद्रीनाथांनी तिथंच सुपरचा पक्ष घेतला. त्यामुळे श्रीपतींना टर्बो आवडणं क्रमप्राप्त झालं. रात्रीपर्यंत पारावर दोन टोळकी बसू लागली. सुपरवाल्याच्या गिरणीत टर्बोवाल्याचं दळण उशिरा निघू लागलं. एका घरात सासू सुपर निघाली आणि सून टर्बो, तेव्हा दोन चुली झाल्या. गाडीचं पुढचं झाकण उघडून दोन्ही पक्षांनी पाहणी केली. आत एक मोठा रिकामा खड्डा होता. सुपर असो का टर्बो, जागा बराबर ठेवलेली आहे, यावर मात्र गावाचं एकमत झालं.

आष्टीत दोन मिस्त्री होते. एकाला सुपरवाल्यांनी धरलं, दुसऱ्याला टर्बोवाल्यांनी. मापं घ्यायला गाडी सोम-बुध-शुक्र एकाकडं आणि मंगळ-गुरू-शनि दुसऱ्याकडं न्यायची असं ठरलं. ती स्वतः जाऊ शकत नव्हती. म्हणून कडूबानं विटांचा उतार रचून तिला ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत चढवलं आणि रस्सीनं बांधलं. असा रोज सकाळी नऊला जिल्ह्यातला सर्वांत वेगवान वाहनप्रकार बोरझरीहून आष्टीला बैलाच्या चालीनं निघू लागला. ट्रॉलीतली मोटार रोज आष्टीला रिकामीच जाते, हे कुणाच्या लक्षात आलं नाही. ताराच्या आलं.

"आबा," ती एका संध्याकाळी म्हणाली, "तातेरावकाकांच्या मोटारीत बसून शाळेला जाऊ का?"

"मोटारीत?" रामकिसननं विचार केला. "काचा बंद होतात का?"

"बिलकुल."

"मंग काय हरकत. मोटारीतून जाऊन राह्यलीस, कोन काय म्हनंल."

मोटार ट्रॉलीतच होती आणि ट्रॉली कडूबाचीच होती, पण मुलगी मोटारीत होती. दोन सीटांत तिघी दाटीवाटीनं बसत. तारा स्टिअरिंगमागं बसून निवांत भूगोल पाठ करी. आष्टीच्या बाजारातली माणसं हात जोडत, आणि ती काच बंद ठेवूनच मान लववी. बुडालेले तीन महिने भरून निघाले. सहामाहीत ती वर्गात दुसरी आली.

मिस्त्रीही सुखात होते. माप घ्यायची मजुरी रोजची होती, त्यामुळे गाडीचं माप रोज नवं निघे.

हिवाळ्यात प्रकरणानं अंग धरलं. डेपोनं कळवलं की बोरझरीच्या बसमध्येही शक्तीचीच कमतरता आहे, गाडीचं एकदा ठरलं की बसलाही तेच बसवू. पाठोपाठ खात्याचा आदेश आला, या रस्त्यावरच्या प्रत्येक वाहनाला दोहोंपैकी एक उपकरण असावंच. बैलगाडीवाले हवालदिल झाले.

"टर्बो धुरावर चालतंय. बैल कुटं धूर सोडतो?" एकानं सभेत विचारलं.

"म्हनूनच बैलाला सुपर," बद्रीनाथ म्हणाले. "आधी पेंड चारायची, मंग काम घ्यायचं. तत्त्व तेच हाय."

"पेंडीचा खर्चा कोन करंल?" श्रीपती म्हणाले. "म्हनूनच टर्बो."

या सगळ्याला तातेराव कंटाळले. जानेवारीतल्या सभेत ते उभे राहिले. "लई झालं. मी आता दोघांकडचंबी ऐकत न्हाई. टर्बो बसवतो आन मोकळा होतो. उद्यापासून गाडी आष्टीला जानार न्हाई, मिस्त्रीच इकडं यील."

श्रीपतींच्या बाजूनं टाळ्या पडल्या. बायकांच्या घोळक्यात तारा बसली होती. परीक्षा मार्चमध्ये होती, आणि गाडी जाणार नाही म्हणजे शाळा नाही. शेजारी बसलेल्या तिच्या वर्गातल्या दोघींनी तिचा एकेक हात घट्ट धरला. तिनं दोन्ही हात सोडवून घेतले आणि ती उभी राहिली.

"काका, एक इचारू? टर्बो जागा व्हायला येळ लागतो. गाडी पारापासून सुटली तर तो जागा हुईस्तोर ती आपल्या शिवाराबाहेर गेलेली असंल."

"बरं मंग?"

"मंग खर्चा आपल्या गावाचा आन ताकद शेजारच्या गावाच्या हद्दीत. हे बराबर हाय का?"

श्रीपतींनी टाळीसाठी उचललेले हात तसेच राहिले. नरहर साहेब सभेला हजर होते. त्यांनी प्रथमच चहाचा कप खाली ठेवला.

"मुद्दा गंभीर आहे," ते म्हणाले. "शक्ती एका हद्दीत निर्माण होऊन दुसऱ्या हद्दीत वापरली गेली, तर हे आंतरग्राम प्रकरण होतं. दोन्ही गावांची संयुक्त बैठक घ्यावी लागेल. तोपर्यंत जैसे थे."

"जैसे थे म्हंजी?" तातेरावांनी विचारलं.

"म्हणजे गाडी रोज जाईल आणि मापं चालू राहतील."

"पोरगी हुशार हाय हो," श्रीपती मान हलवत म्हणाले. बद्रीनाथही तेच म्हणाले. कुणाच्या कौतुकावर दोघांचं एकमत होण्याची गावातली ती पहिलीच वेळ होती, आणि म्हणून ती सभा घाईनं आटोपण्यात आली.

पेपरांच्या आधी एकदा ट्रॉलीला असा हिसका बसला की ताराच्या डब्यातलं वरण सीटवर सांडलं. तेव्हापासून डबा ठेवायला ती दुसरी जागा शोधू लागली. पुढच्या खड्ड्यात मिस्त्र्यांची पाहणी चालायची. मग तिनं सीटांच्या मागचं झाकण उचललं. आत इंजिन होतं. गाडीचं इंजिन मागं होतं आणि गाव सहा महिने पुढचा खड्डा तपासत होतं. इंजिनाच्या बगलेला गोगलगायीसारखी वेटोळ्याची लोखंडी वस्तू होती, अगदी विज्ञानाच्या सरांनी फळ्यावर काढली होती तशी. तिच्यावर इंग्रजीत अक्षरं होती. तारानं ओढणीनं धूळ पुसली. टर्बो.

गाडीला टर्बो कंपनीनंच बसवलेला होता. मिस्त्र्यांना हे पहिल्याच दिवशी दिसलं असणार, हेही तिच्या ध्यानात आलं. तिनं डबा इंजिनाशेजारी ठेवला आणि झाकण लावलं. दुपारपर्यंत आष्टीच्या उन्हात भाजीही छान कोमट राहिली.

परीक्षा झाली. पहिला पेपर ते शेवटचा पेपर तिघी लाल मोटारीतून काचा बंद करून गेल्या. शेवटच्या पेपराच्या संध्याकाळी पारावर संयुक्त बैठक होती. आता काही अडत नव्हतं. तारानं ठरवलंच होतं, आज सगळ्यांसमोर मागचं झाकण उघडायचं आणि विचारायचं, "ताकद तर होतीच, मंग गाडी कशाला अडकली?" हे वाक्य ती वक्तृत्वाच्या चालीवर वाटेत दोनदा म्हणूनही बघत आली होती.

ती उभी राहिली. दोन्ही गावं तिच्याकडं वळली. नरहर साहेबांनी धास्तावून कप खाली ठेवला.

इतक्यात तिला ट्रॉलीजवळ नववीतल्या चार मुली दिसल्या. नववीपर्यंत गावातच शिकवायला एक मास्तर यायचे, जूनपासून या चौघींना आष्टीलाच जावं लागणार होतं. त्यांतली एक काचेला नाक लावून आत बघत होती. दुसरी बोटांवर मोजत होती, दोन सीटांत चौघी कशा बसतील.

तारानं साहेबांकडं पाहिलं, सरपंचांकडं पाहिलं, माजी सरपंचांकडं पाहिलं. ही मंडळी आज रस्त्यातली खोट मान्य करतील आणि नवा रस्ता त्या मुलींची मुलं दहावीला जाईपर्यंत मंजूर होईल, हे तिला आता पुरतं कळत होतं. गाडी मात्र उद्यापासूनच बंद होईल.

"काय म्हनायचं होतं, तारा?" तातेरावांनी विचारलं.

"काका," ती म्हणाली, "सुपर आन टर्बो, दोन्ही एकदम बसवले तर?"

पारावर असा गदारोळ उठला की पिंपळावरचे बगळे उडाले. नरहर साहेबांनी समाधानानं तिसरा चहा मागवला. हा विषय, त्यांच्या मते, किमान दोन वर्षांचा होता.

"दोन वरसं बास हायेत गं," तारा घरी जाताना त्या चौघींना म्हणाली. "पुढचं तुमी बघा. डबा मागच्या झाकनात ठिवत जा, गरम ऱ्हातो."

आता बोरझरीत कुणीही पाहुणा आला की त्याला पारावर बसवून एकच प्रश्न विचारतात, सुपर का टर्बो. पाहुणा गुडघ्यापर्यंतचा चिखल धुतो, कंबर चोळतो, खूप विचार करतो आणि एक बाजू घेतो. ज्या रस्त्यानं तो आला त्याबद्दल आजवर एकानंही विचारलेलं नाही. तुम्हीही इथवर त्याच रस्त्यानं आला आहात, आणि कोणता बरा हे मघाशीच मनाशी ठरवून बसला असाल. तेवढं कळवून ठेवा. दोन्ही बाजूंची मतं सारखी झाली आहेत आणि पुढच्या सभेला एक कमी पडतंय.