ढेंबरे गुरुजींचे मार्क

ढेंबरे गुरुजींनी माझ्या लग्नाला दहापैकी साडेपाच मार्क दिले होते. तेही मांडवातच, हातात अक्षता असताना. "वरण पास, बुंदी काठावर, बँडवाला नापास. नवरी चांगली हाय, पर तिचे मार्क तुमी द्यायचे, आमी न्हाई." माझे सासरे वसमतचे हळदीचे व्यापारी. त्यांना वाटलं, हा कोणी तपासणीवर आलेला साहेब आहे. त्यांनी गुरुजींना दोनदा पान नेऊन दिलं.

गुरुजी सगळ्याच गोष्टींना मार्क द्यायचे. हिंगोलीची सकाळची एसटी, दहापैकी तीन, "त्यातला एक कंडक्टरच्या सोभावाचा." हेडमास्तरांचं पंधरा ऑगस्टचं भाषण, दोन. शाळेसमोरच्या हॉटेलात चहा संपला की "मार्क तर द्यावे लागतील, बरं!" म्हणत खिशातला खडू काढायचे आणि टेबलावर आकडा लिहायचे. हॉटेलवाला फडकं घेऊन तयारच असायचा. पण दोन नियम पक्के होते. पैकीच्या पैकी कुणाला नाही आणि शून्यही कुणाला नाही. चहात माशी निघाली तरी एक मार्क ठरलेला. "काहून म्हंजे? गरम व्हता ना!"

मी पुसेगावच्या पुढच्या त्या शाळेत रुजू झालो तेव्हा हिंगोली परभणीतून नुकतीच वेगळी झाली होती. नव्या जिल्ह्याला सगळी माहिती नव्यानं हवी होती, आणि आजच्या आज हवी होती. फॉर्म जुनेच. वरचं परभणी खोडून हिंगोली लिहायचं. माझं अक्षर चांगलं आहे हे हेडमास्तरांना पहिल्याच दिवशी कळलं आणि माझं शिकवणं तिथंच संपलं. मी तक्ते भरू लागलो.

हेडमास्तरांचा जीव एका शब्दावर. निरंक. सरकारी भाषेत म्हणजे काही नाही. शाळाबाह्य मुलं? निरंक. छताला गळती? निरंक. मतिमंद विद्यार्थी? निरंक. "निरंक लिवलं की साहेब येत न्हाई," ते सांगायचे, आणि मी लिहायचो. खोटं कशाला सांगू, माझ्याइतकं वळणदार निरंक अख्ख्या तालुक्यात कुणी काढत नव्हतं.

गुरुजींना त्या शब्दाची भयंकर चीड. माझ्या खांद्यावरून डोकावून म्हणायचे, "मतिमंद निरंक काहून लिवता हो? जमनी काय हवेत बसून राहिली का?"

जमनी बंजारा तांड्यावरची पोरगी. तिसरीत तिसरं वर्ष. बोलणं चार-दोन शब्दांचं, लिहिण्या-वाचण्याचं नाव नाही. पण शाळेला एक दिवस खाडा नाही. हेडमास्तरांना शंभर टक्के निकाल हवा होता आणि तो दरवर्षी जमनीपाशी अडायचा. त्यांनी ठरवून टाकलं, यंदा नापास झाली की पटावरून नाव कमी.

हे कळलं तशी तिची आई कमरेला विळा खोचून शेतातून थेट वर्गात आली. "गुरुजी, नाव काटू नका. शाळंत हजेरीला तिला जमनी म्हनत्यात. तांड्यावर समदे येडीच म्हनत्यात."

गुरुजींनी कशालाच मार्क दिले नाहीत असा मला आठवणारा तो पहिला दिवस.

त्यांनी वर अर्ज केला, या मुलीची परीक्षा वेगळी घ्यावी. दोन महिन्यांनी उत्तर आलं. मागणी मान्य. पेपर तोच, फक्त वेळ अर्धा तास जास्त.

"म्हंजे जिला दोन तासात लिवता येत न्हाई, तिनं अडीच तास बसून राहायचं," गुरुजी म्हणाले. "ऑफिसला दहापैकी..." आणि थांबले. शून्याचा नियम आडवा आला. पाकीट उलटसुलट करून म्हणाले, "एक. तिकीट बराबर चिटकवलं म्हणून."

मग दुसरा अर्ज, तिसरा अर्ज. शेवटी वरचे लोक कंटाळले आणि साहेब स्वतः येऊन परीक्षा घेतील असं कळलं. गुरुजींनी रात्रंदिवस तोच विषय लावून धरला. जमनीचा पेपर त्यांनी स्वतः काढला. हळदीची लांब हळकुंडं एका टोपलीत, गोल गड्डे दुसऱ्या टोपलीत टाकणे. मधल्या सुट्टीची घंटा देणे. महिनाभर तयारी चालली. त्या महिन्यात आमच्या शाळेत मधली सुट्टी दिवसातून पाचदा झाली आणि पोरांनी गुरुजींना डोक्यावर घेतलं.

साहेब पुण्याकडून नवीनच बदलून आलेले. भला माणूस, पण छापील तक्त्यावरून नजर उचलायची नाही. जमनीनं हळद निवडली. साहेबांचं टेबलावरचं लाल पेनही उचलून हळकुंडांत टाकलं. "लांब हाय ना, बराबर हाय," गुरुजी म्हणाले. घंटा तिनं अशी दिली की सगळी शाळा मैदानात, आणि पोरं परत वर्गात कोंबायला आम्हाला पाव तास लागला.

शेवटचा रकाना साहेबांच्या तक्त्यातला होता, 'स्वतःची ओळख'. दहा मार्क. पास होण्याइतके मार्क अजून झाले नव्हते, सगळं या दहावर अडलं होतं. साहेबांनी कागदात बघतच विचारलं, "बाळ, तू कोण?"

जमनी इकडंतिकडं बघू लागली. मागच्या खिडकीत तिची आई गजांना धरून उभी होती. ती दिसली आणि पोरगी अशी खुलली! बोट नाचवत मोठ्यानं म्हणाली, "याडी!"

"येडी," साहेब लिहिता लिहिता पुटपुटले. "विद्यार्थिनीस स्वतःच्या स्थितीची पूर्ण जाणीव आहे. वा! दहापैकी दहा."

हेडमास्तरांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या, आता लपवून काय करू? जमनी पास झाली होती, नाव राहणार होतं, साहेब खूश होते. आणखी काय पाहिजे?

"साहेब, मार्क चुकले," गुरुजी उठून उभे राहिले.

"कमी पडले का?"

"ती येडी न्हाई म्हनली. याडी म्हनली. त्यांच्या बोलीत याडी म्हंजे आई. ती बगा खिडकीत हुबी हाय. लेकरानं आईला हाक मारली."

साहेबांनी कपाळ पुसलं. "अहो गुरुजी, आई ओळखायला इथं रकानाच नाही. हे दहा काढले तर पोरगी नापास होते. राहू द्या की!"

हेडमास्तर मागून गुरुजींचा सदरा ओढत होते. गुरुजींनी सदरा सोडवून घेतला. "काढा मग. पर तिच्या नावाम्होरं येडी लिवलेलं म्या राहू देणार न्हाई. तांड्यावरचं बोलनं वाऱ्यावर जातंय साहेब, कागदावरचं जात न्हाई."

साहेबांनी पहिल्यांदा मान वर करून खिडकीकडं पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग ती ओळ खोडली, वर लिहिलं, 'आईस ओळखते', आणि दहा मार्क तसेच ठेवले. खोडायचं लाल पेन हळकुंडांतून शोधावं लागलं म्हणून या सगळ्याला जरा उशीर झाला, इतकंच. निघताना गुरुजींनी त्यांना तोंडावर आठ मार्क दिले. साहेबांना ते कळलं नाही, पण ते हसले.

त्या रविवारी दुपारी मी नवा तक्ता घेऊन गुरुजींच्या खोलीवर गेलो. एकटा जीव, लग्न केलेलं नाही. एक खाट, एक स्टोव्ह, एक ट्रंक. मी तक्ता दाखवला. मतिमंद विद्यार्थी, एक. मला वाटलं, आता मार्क मिळतील.

गुरुजींनी ट्रंक उघडली आणि जुन्या वहीच्या पानांचं, हातानं रेघा मारलेलं एक प्रगतिपुस्तक काढून माझ्या हातात दिलं.

"माझी बहीण. गया. जमनीसारखीच व्हती. बापानं शाळंत घातली न्हाई. शिरगणतीवाले आले की आत कोंडून घ्यायचा, लेकरं किती विचारलं की आमा भावांचीच नावं सांगायचा. म्या चौथीत असताना तिच्यासाठी हे केलं. मार्क आयकून लई हसायची. नवव्या वर्सी तापानं गेली. तिचं नाव कुठंच न्हाई बगा. ह्या एकाच कागदावर हाय."

मी वाचू लागलो. पाणी आणणे, सहा. वासराला चारा टाकणे, आठ. दादा रडला की जवळ येऊन बसणे, दहापैकी दहा.

वर नावाची जागा जवळजवळ कोरी दिसत होती. पेन्सिलीचं लिहिणं, इतक्या वर्षांत पुसून गेलेलं.

"तुमचं अक्षर चांगलं हाय," गुरुजी माझ्याकडं न बघता म्हणाले. "तेवढं नाव शाईनं गडद करून देता का?"

हजारभर निरंक झरझर काढलेला माझा हात त्या दोन अक्षरांना सावकाश चालला. जपून लिहिलं, गया. त्यांना जरा हसवावं म्हणून विचारलं, "किती मार्क, गुरुजी?"

गुरुजींनी खिशातला खडू काढला आणि शाई पसरू नये म्हणून त्या ओल्या नावावर हळूच टेकवला.