फाटकाबाहेरचा सामना

"शाळेबाहेरचा एक सामना अपघाताशिवाय पार पडला, असा माझ्या सहीचा दाखला मिळवा," विम्याचा अधिकारी म्हणाला. "मग वर्षभराचा विमा देतो."

"पण विमा नाही म्हणून मुख्याध्यापिकाबाई मुलींना फाटकाबाहेर पाऊल टाकू देत नाहीत," लिफ्टवाले काका म्हणाले.

"ते बरोबरच आहे त्यांचं."

काका पोटापाण्यासाठी लिफ्ट दुरुस्त करत आणि दर शनिवारी मुलींच्या शाळेत हौसेनं रस्सीखेच शिकवत. ते पगारी शिक्षक असते, तर शाळेचा विमा बाहेरही चालला असता. फुकट राबणाऱ्या माणसासाठी कुठल्याच फॉर्मात रकाना नसतो. आठ मुली तीन वर्षं घाम गाळत होत्या आणि परगावची स्पर्धा महिन्यावर आली होती. दोराच्या टोकाला उभी राहणारी, जिला सगळे खुंटी म्हणत, तिचं तर शाळेतलं हे शेवटचं वर्ष. तिला आजवर कुणी जागचं हलवलं नव्हतं. ती कुठे बाहेर खेळलीही नव्हती.

समोरच्या शाळेचंही घोडं तिथेच अडलेलं. दोन्ही फाटकं समोरासमोर, मधे अरुंद रस्ता. काकांनी तोडगा काढला: दोर रस्त्यावरून टाकायचा आणि आपापल्या आवारातून ओढायचा.

"जो हरेल तो बाहेर येईल," मुख्याध्यापिकाबाई म्हणाल्या. "तेव्हा जिंकायचंच."

शनिवारी रस्ता अडवला. अधिकारी वही घेऊन मधोमध उभा राहिला. खुंटीने टाचा रोवल्या आणि थोड्याच वेळात समोरच्या आठही मुली रस्त्यावर आल्या. काकांचा ऊर भरून आला. अधिकाऱ्याने दाखला लिहिला आणि समोरच्या शाळेला दिला.

"अहो, जिंकलो आम्ही."

"जिंकलात की. पण शाळेबाहेर त्या आल्या. तुमच्या मुली आवारातच."

काकांनी कपाळाला हात लावला. मग आणखी एक डाव मागून घेतला आणि मुलींना जवळ बोलावून, तीन वर्षांत जे शिकवलं नव्हतं ते दोन वाक्यांत शिकवलं. मुख्याध्यापिकाबाईंनी आपल्या खोलीची खिडकी लावून घेतली.

सात जणी गुमान बाहेर आल्या. खुंटी मात्र फाटकातच. समोरच्या आठजणी जीव खाऊन ओढत होत्या, पण ती ढिम्म.

"ये बाई आता," काका म्हणाले.

"काका, पायच ऐकत नाहीत."

"स्पर्धेला जायचंय ना?"

तिने डोळे मिटले. एक पाय उचलला, मग दुसरा.

अधिकाऱ्याने आठ डोकी मोजली आणि लिहिता लिहिता मोठ्याने वाचलं, "सामना हरल्या. कुणालाही काही झालं नाही."

खुंटीचे डोळे भरून आले होते. "काही झालं नाही, हे कसं ठरवलंत तुम्ही?" तिने हळूच विचारलं.



"आम्ही हिशेबात फक्त हाडं धरतो, बाळ," अधिकारी म्हणाला आणि त्याने सही केली.