बीबीच्या बारवेवरील स्वारी

पुढे कोणी पुसल्यास खरे कळावे, म्हणोन जैसे घडले तैसे लिहिले आहे. शके अठराशे पंच्याण्णव, वैशाख मास, मुरूम गावापासोन दोन कोसांवरील मौजे बोळेगढी येथे दुष्काळाचा अंमल बसला, आणि टँकर चौथे रोजी येई, मग घागरींची लढाई होई. गावचे माथ्यावर बादशाही अमदानीची गढी, तिचे पोटात पायऱ्यांची बारव, तीत पाणी होते; परंतु किल्लेदाराची बीबी पूर्वी तेथे बुडोन मेली, ती भर दोनप्रहरी साखळदंड वाजविते, ऐसा लौकिक असल्याने कोणी पाऊल ठेवीत नसे. दूध संस्थेचे चेअरमन राजमान्य राजश्री महालिंगप्पा यांचा तर सक्त हुकूम की, बीबी यंदा फार खवळली आहे, सबब गढीकडे कोणी फिरकू नये.

बौद्धवाड्यातील हरणाबाई सरकारी कामावर खडी फोडीत असत. त्यांची सून बाळंत जाहली, आणि घरी चूळ भरण्याइतके पाणी न राहिले. गावविहिरीवर त्यांनी दूर उभे राहावे, कोणी वरून ओतील तेव्हा घ्यावे, ऐसा रिवाज. आता ती विहीरही आटली. मग हरणाबाईंनी मसलत केली की, बीबी काही जात पुसत नाही, आणि अकरा बायांची फौज घेवोन भर दोनप्रहरी कूच केले. मागोमाग वरल्या आळीच्या नागूबाईही घागर घेवोन निघाल्या, परंतु दहा हात अंतर राखोन.

दरवाजात पोचताच आतून साखळी खणखणली. फौजेची दाणादाण उडाली, एक कळशी पडोन चेपली. हरणाबाई मात्र घरचे लेकरू आठवोन पुढे जाहल्या आणि अर्ज केला, "बीबी, म्या हरणाबाई. घरी बाळंतीण हाय. दोन घागरी नेते, रागवू नगा."

बीबी हंबरली.

मग पांगलेली फौज परतली आणि समस्तांनी पायऱ्या उतरोन पाहिले, तो पाण्याचे काठी दोन म्हशी साखळीने बांधलेल्या, आणि महालिंगप्पा बादली घेवोन उभे.

"आप्पा, तुम्हीच व्हय बीबी?" हरणाबाई पुसत्या जाहल्या.

चेअरमनांनी मान खाली घातली. "चार म्हशी मेल्या, बाई. ह्या दोनच राहिल्या. समद्यांना कळलं असतं तर पाणी किती दिस पुरलं असतं?"

"आन् माझी सून किती दिस पुरली असती?"

यावर चेअरमनांनी बादली खाली ठेविली. मग तह जाहला की, प्रथम माणसे, मागाहून म्हशी. बाळंतिणीस रोज शेरभर दूध. आणि मेल्या बीबीस विनाकारण बदनाम करू नये.

पायऱ्या पुष्कळ आणि निसरड्या, सबब बाया पायरीपायरीवर उभ्या राहिल्या आणि घागर हातोहात वर चढू लागली. सर्वांत वरल्या पायरीस नागूबाई. त्यांचे पुढ्यात हरणाबाईंची भरली घागर आली, तेव्हा त्या थबकल्या, आणि सारी फौज थबकली.

"धरा की बाई," हरणाबाई खालून म्हणाल्या, "हात भरून आले."

नागूबाईंनी घागर दोन्ही हातांनी घेतली आणि वर ठेविली, मग दुसरीसाठी हात पुढे केला. तिसरे प्रहरापावेतो सदतीस घागरी चढल्या. बारव सर जाहली, गढीवर बायांचा अंमल बसला. फत्ते जाहली, हे लिहिले सत्य.