शेवटी जेवणाऱ्याचे व्यवस्थापन

घरातलं कोण माणूस काय काम करत होतं, हे ते माणूस गेल्यावर बारा तासांच्या आत कळतं, असा सर्वसाधारण नियम आहे. आमच्या घरी अकरा तास लागले.

माझी बायको सत्यभामा संध्याकाळी सात वाजता दवाखान्यात वारली. माणसांना ते फोनवर लगेच कळलं. शेळ्यांना सकाळी सहाला कळलं, कारण दावं सोडायला कोणी आलं नाही. अकराच्या अकरा ओरडायला लागल्या. भेटायला आलेले लोक म्हणाले, "लई जीव होता शेळ्यांचा तिच्यावर." जीव असेलच, पण भूकही होती. मी उठलो, आणि त्यांना काय, किती आणि कधी टाकायचं हे मला ठाऊक नाही, असं माझ्या लक्षात आलं. (शेळ्या नऊ वर्षं माझ्याच गोठ्यात होत्या.)

सत्यभामाला ताप आला होता. डॉक्टर म्हणाले होते, "अंगात रक्तच न्हवतं. ताप कशावर काढणार?"

तीन महिन्यांनी घाटनांदूरच्या प्रशिक्षणाचं पत्र आलं. विषय : शेळ्यांचे पोषण व प्रजनन व्यवस्थापन. नाव तिचं होतं, गेलो मी. तीन दिवस 'सत्यभामा राधाकिशन' अशी हाक आली की मी 'हजर' म्हणायचो. तिनं हे प्रशिक्षण यशस्वीपणे पूर्ण केल्याचं प्रमाणपत्र आता भिंतीवर आहे.

प्रशिक्षण अतिशय उत्तम होतं. माज येण्याआधी तीन आठवडे खुराक वाढवला तर जुळी होण्याचा संभव वाढतो. गाभण शेळीला शेवटचा दीड महिना रोज पाव किलो भरडा जादा द्यावा. तिला लांब चरायला नेऊ नये, दाटीत बांधू नये. व्याल्यावर अंग भरेपर्यंत पुन्हा बोकडाकडे नेऊ नये. (या सूचनेला सगळ्या पुरुषांनी माना डोलावल्या. शेळ्यांच्या बाबतीत आमचे विचार फार पुढारलेले आहेत.) पंधरा दिवसांनी एकदा खालची पापणी ओढून बघावी. लाल असेल तर ठीक, पांढरी असेल तर रक्त कमी आहे. याला अर्धं मिनिट लागतं आणि खर्च येत नाही.

शिकवायला गेवराईचे जनावरांचे डॉक्टर आमेर होते. म्हणाले, "मामा, ध्यानात ठेवा. गाभण शेळी गव्हाणीवरून मागं सरती. बाकीच्या ढुशा देत्यात. तिला निस्त्या काड्या उरत्यात. म्हनून तिला येगळं बांधा आन् आधी टाका."

मागच्या रांगेतून आमच्या गावच्या जुलेखाचाची म्हणाल्या, "डागदर, आन् पोटुशी बाईला कवा टाकायचं?"

लोक खूप हसले. डॉक्टरही हसले. "चाची, त्यो विभाग येगळा हाय."

त्यांचंही बरोबर होतं. एका माणसानं किती जीवांचं बघावं?

आमच्या घरी त्या वेळी पाच शेळ्या गाभण होत्या आणि माझ्या मुलाची, रविराजची, बायको बबिता सहाव्या महिन्यात होती. शेळ्यांचं वेळापत्रक मी खडूनं दारावर लिहिलं. बबिताचं वेळापत्रक लिहायची गरज नव्हती, ते कायमचं ठरलेलं होतं : आधी मी, मग रविराज, मग आला-गेला, मग कुत्रं, मग ती. सत्यभामाच्या काळापासून यात एकही दुरुस्ती झालेली नाही.

मी रविराजला म्हणालो, "बबिताला आधी जेवायला सांग."

तो म्हणाला, "दादा, तिला काय कुनी धरलंय का? भूक लागली की खाती की. तुमी शेळ्या बघा."

शेळीलाही कुणी धरलेलं नसतं, तरी ती मागं सरते, हे त्याला प्रशिक्षणाअभावी माहीत नव्हतं.

आता मी स्वतः सांगायला हरकत नव्हती असं तुम्ही म्हणाल. पण सासऱ्यानं सुनेला 'पोटभर जेव' म्हणायची आमच्याकडं रीत नाही. 'चहा टाक', 'पाहुणे येणार हायत' आणि 'दार लाव' ही तीन वाक्यं मंजूर आहेत. अशा अडचणीसाठी जुन्या लोकांनी 'लेकी बोले सुने लागे' ही सोय करून ठेवली आहे. आमच्या घरात लेक नाही. शेळी होती.

बांडी नावाची गाभण शेळी स्वयंपाकघराच्या खिडकीखाली बांधलेली असे. मी तिच्यापुढं उभा राहून मोठ्यानं म्हणालो, "बांडे, तुला सहावा लागला आन् तू अजून मागून खातीस? आधी खाय!"

(शेळी पाच महिन्यांत विते. त्यामुळं मी कुणाला बोलतोय याबद्दल घरात गैरसमज झाला नाही.)

दोन दिवस आतून फक्त भांड्यांचा आवाज आला. तिसऱ्या दिवशी उत्तर आलं. "बांडे, मामाला म्हनावं, मी आधी खाल्लं तर मागं कोन राहील? मागं कुनीतरी लागतंच की."

हा मुद्दा प्रशिक्षणात आला नव्हता. मी विचार केला आणि म्हणालो, "बांडे, मागं मी राहतो."

चार दिवस ताणाताणी झाली. शेवटी बबिता आमच्याकडं पाठ करून बसली आणि अडीच भाकरी जेवली. मी मोजल्या नाहीत, असं म्हणणं खोटं ठरेल.

मग मी बसलो. टोपल्यात अर्धी भाकरी, तीही करपलेल्या बाजूची. पातेल्यात वरणाचं पाणी. भाजीच्या कढईत फक्त तेलाचा डाग. दुसऱ्या दिवशी पाऊण भाकरी होती, पण पाहुणा आला. सत्यभामा माझ्या मागून एकतीस वर्षं जेवली. उपवास आणि बाळंतपणं वजा करून वीस हजार जेवणं धरा. मी रोज हात धुताना तिला विचारायचो, "जेवलीस का?" ती म्हणायची, "आता बसतेच." याला मी चौकशी समजत होतो.

अठरा दिवसांत माझा कमरेचा पट्टा दोन भोकं आत गेला. ही गोष्ट मात्र गावाच्या नजरेला लगेच आली. आमचं गाव जागरूक आहे. एकोणिसाव्या दिवशी सकाळी गावातला हरिबा दोन माणसं घेऊन ओसरीवर आला. तो मला नाही, बबिताला भेटायला आला होता.

"काय गं पोरी, सासरा मागून जेवतोय म्हनं? बायको गेलेलं मानूस. पानी तरी देतीस का त्याला?"

मी म्हणालो, "हरिबा, मीच बसतो मागून. तिला सातवा लागतोय."

"तू गप बे. दुःखानं तुला काय कळंना झालंय. आमच्या घरात सहा बाळंतपनं झाली, तवा का असले चोचले लागले न्हाईत?"

(सहांपैकी एकदाही हरिबा स्वतः बाळंत झाला नव्हता.)

एकतीस वर्षांत सत्यभामाचं शेवटचं ताट बघायला कोणी आलं नव्हतं. माझ्यासाठी गाव एकोणिसाव्या दिवशी आलं. मला गहिवरून आलं. मंडळी चहा घेऊन गेली. चहा बबितानं केला. तिच्यापुरता उरला नाही.

त्या दिवसापासून ती पुन्हा मागून जेवायला लागली. मी खिडकीखाली पुष्कळ बोललो. एकदाच उत्तर आलं. "बांडे, मामाला म्हनावं, गावात नाव खराब झालं माझं. आता उगी बसा."

पंधरा दिवसांनी बांडी व्याली. दोन्ही पिल्लं दणकट आहेत. डॉक्टर आमेर यांनी फोटो मागवून घेतला.

तुम्ही हरिबाला हसला असाल, तर एक सांगा. आज तुमच्या घरात सगळ्यात शेवटी कोण जेवलं, आणि ते बसलं तेव्हा पातेल्यात काय होतं? आठवत नसेल तर लाजू नका. तुम्हीही 'जेवलीस का' असं विचारलं असेलच.

बबिताला आता आठवा लागला आहे. मी तिच्याशी अजून सरळ बोललेलो नाही.