चंदूचा नवा एडिटर

चंदू केणेला ही नसती उचापत सांगितली होती कोणी? कोलशेतच्या त्या रंगाच्या कारखान्यात युनिक्सचा कॉम्प्युटर होता, त्यावर 'एड' नावाचा जुना एडिटर, म्हणजे टायपिंगचा प्रोग्राम होता, आणि त्यात दामाजी भोईर अकरा वर्षं दुसऱ्या पाळीची यादी टाइप करत होते. आधी 'ए', मग नावं, ती संपली की टिंब, मग सेव्ह करायला 'डब्ल्यू', बाहेर पडायला 'क्यू'. झालं काम. स्क्रीनकडे बघायचीसुद्धा गरज नाही. पण ठाण्याला कोर्स करून आलेल्या चंदूला ते बघवेना. जेवणाच्या सुट्टीत त्याने एड उडवला आणि त्याच नावाने नवा 'व्हीआय' बसवला; त्यात आधी एस्केप दाबलं नाही तर हुकूमसुद्धा नुसती अक्षरं म्हणून उमटत. विचारलं नाही की सांगितलं नाही.

आता दुसरी पाळी तीनला लागायची, आणि यादीत नाव नसेल तर गेटवरचा काळुराम कोणाच्या बापालाही आत सोडत नसे. शिवाय साहेबांनी बजावलं होतं, की यादी एकदा जरी लेट झाली तर दामाजींची बदली डबे धुवायच्या शेडमध्ये. रिटायरमेंटला तीन वर्षं राहिलेली.

दामाजींनी खाली मान घालून चाळीस नावं टाइप केली, टिंब दिलं, डब्ल्यू, क्यू. वर बघतात तर ती सगळी अक्षरं नावांखाली ओळीने उभी. पुन्हा क्यू दाबला. आणखी एक क्यू उमटला. पावणेतीन वाजले होते.

"काका, एड गेला आता. नवीन शिका जरा," दारातून चंदू म्हणाला. साहेबांना भेटून येतो, मग शिकवतो, असं सांगून तो निघूनही गेला.

दामाजींचं डोकंच फिरलं. तोंडाने बोलायची सोय नव्हती, शेजारच्या टेबलावर ऑफिसातल्या बाई बसल्या होत्या. म्हणून त्यांनी मनातलं सगळं कीबोर्डवर बडवलं.

तीनला पाच कमी असताना चंदू आला. त्याने एस्केप दाबलं, यादी सेव्ह केली, छापली, आणि एक अक्षर न वाचता, शाबासकी आपल्याला मिळावी म्हणून स्वतःच गेटवर नेऊन दिली. मग समोरच्या टपरीवर चहाला गेला.

काळुरामने चाळीस माणसं आत घेतली. चंदू परतला तेव्हा काळुरामने यादीवर बोट फिरवलं.

"केणे नाय यादीत. चंदू गाढव हाय एक. तुमीच काय?"

गेटवर हशा पिकला. चंदू संतापून म्हणाला, वर फोन लाव. काळुरामने लावला. ऑफिसात दामाजींनी तो उचलला आणि सगळं ऐकून घेतलं.

"आमचाच आहे तो," ते म्हणाले. "त्याच नावापुढे सही घे, मग सोड."