रावसाहेब दहाव्याला येतात

लखू बुधवंत गेले आणि उमाजीला पहिली काळजी पडली ती म्हादूकाकाच्या तोंडाची.

बाप गेल्याचं दुःख होतंच. पण दुःखाला पुढे सगळा जन्म पडला होता. म्हादूकाकाच्या तोंडाचा बंदोबस्त दुपारच्या आत व्हायला हवा होता, कारण दुपारी रावसाहेब यशवंतराव अंत्यविधीला येणार असल्याचा सुप्याहून निरोप आला होता.

दिग्गीच्या अलीकडे रानात विखुरलेल्या वाड्यांमध्ये ज्याच्या ओसरीवर तंटे मिटतात त्याला बुधवंत म्हणतात. लखूंच्या ओसरीवर तंटे मिटत आणि पुढाऱ्यांचे वाभाडे निघत. दोन्ही कामं ते सारख्याच निष्ठेने करीत. सरकारने डोंगरउतारावर रान जाळून पिकवायची नाचणी बंद केली तेव्हा ते सरकारवर बोलले, सरकारपुढे माना डोलावणाऱ्यांवर त्याहून जास्त बोलले. पण त्यांचा जिवाभावाचा विषय म्हणजे रावसाहेब. रावसाहेब लोकल बोर्डावर होते. दर फिरतीला ते ओढ्याशी येत, लाकडी पुलाची जागा दाखवत "इथे साकव होणार म्हणजे होणार!" असं म्हणत, आणि जोडे भिजू नयेत म्हणून कुणाच्या तरी पाठीवर बसून पलीकडे जात. पाठ बहुधा म्हादूकाकाची असे. म्हादूकाका म्हणजे लखूंचा धाकटा भाऊ. पाठ त्याची आणि मत लखूंचं, त्यामुळे ओढा ओलांडताना त्याच्या जिवाची फार ओढाताण होई.

"काका, आज तोंड उघडायचं न्हाई," उमाजी म्हणाला.

"विडा घालायला बी न्हाई?"

"विडा घालायला उघडा आन् लगेच मिटा. आज मयत हाय. मयताला राजकारण न्हाई."

"आरं, तुझ्या बापानं जलमभर दुसरं काय केलं? त्येला पुढाऱ्याला शिव्या न देता पोचवायचा, म्हंजी भटाला मंत्राबिगर पोचवल्यावाणी झालं."

"काका, गावची पाटीलकी रिकामी हाय. शिफारस रावसाहेबांची लागती. आप्पाच्या जिभेपायी ती दारापातुर येऊन माघारी गेली. आता तुमच्या जिभेपायी नगं."

आत बसलेली पारू, उमाजीची आई, डोळे पुसत म्हणाली, "काकाला गप करशील रं. पर तुझ्या बापाचं काय बोलायचं ऱ्हायलं असंल तर?"

"अव्वा, आप्पाचं बोलायचं ऱ्हायलं असंल असं तुला वाटतंय?"

पारूने क्षणभर विचार केला. "न्हाई बा," ती म्हणाली, आणि पुन्हा रडू लागली.

रावसाहेब दुपारी आले. त्यांच्या मागे नेहमीप्रमाणे ठासणीची बंदूक घेऊन नागू होता. रानात वाघ असतो म्हणून रावसाहेब नागूवाचून हिंडत नसत. नागूने वाघ अजून पाहिलेला नव्हता; पण रावसाहेबांच्या खळ्यावर वाळत घातलेल्या भाताला एक कावळा चोच लावील तर शपथ, असं तो आल्याआल्या चारचौघांना सांगून मोकळा झाला. म्हादूकाकाने रावसाहेबांना पाठीवर घेतलं. ओढ्याच्या मधोमध तो थोडा जास्तच वेळ थांबला, तेव्हा काठावर उभ्या असलेल्या उमाजीने नकळत दोन्ही हात जोडले.

स्मशानात सगळं तयार होतं. सरण रचलेलं, तिरडी खाली टेकवलेली, आणि उमाजीच्या हातात विस्तवाचं मडकं. एवढ्यात रावसाहेब दोन पावलं पुढे झाले आणि त्यांनी घसा साफ केला. मयताच्या ठिकाणी भाषण करायची रीत सुप्यापर्यंत नवीनच आली होती. ती ओढा ओलांडून इकडेही येईल, असं कुणाच्या मनात आलं नव्हतं.

"बंधूंनो," रावसाहेब म्हणाले, "ही वेळ राजकारणाची नाही."

उमाजीला हायसं वाटलं.

मग रावसाहेबांनी बोर्डावरच्या आपल्या विरोधकांचा समाचार घेतला. साकव कुणी अडवला, रस्ता कुणी खाल्ला, शाळेच्या कौलांवर कुणाचा डोळा आहे, हे त्यांनी एकेकाची कुळी काढून सांगितलं. उमाजीने मडकं उजव्या हातातून डाव्या हातात घेतलं. विरोधक पुष्कळ होते. उमाजीने मडकं डाव्या हातातून उजव्या हातात घेतलं.

"ह्यो बोलला की श्रद्धांजली," म्हादूकाका विडा गालात सारून त्याच्या कानाशी कुजबुजला, "आन् आमी बोललो की राजकारण व्हय रं?"

"काका, पाया पडतो. मडकं ठेवून पाया पडतो."

"आणि लखूभाऊ!" रावसाहेबांचा आवाज भरून आला. "लखूभाऊ म्हणजे माझा उजवा हात! आमच्यात कधी शब्दाचाही वाद झाला नाही."

हे ऐकताच म्हादूकाकाने विडा गिळला. तंबाखूसकट, चुन्यासकट, अख्खा. त्याचा चेहरा आधी तांबडा झाला, मग जांभळा झाला, आणि मग त्याला उचकी लागली.

"त्यांच्या स्मरणार्थ येत्या साली इथे साकव—"

"हिक्," म्हादूकाका म्हणाला.

"—साकव होणार म्हणजे होणार!"

"हिक्."

रावसाहेब थांबले. म्हादूकाकाच्या डोळ्यांतून पाण्याच्या धारा लागल्या होत्या. "पाहा!" रावसाहेब गहिवरून म्हणाले, "भावाला हुंदका आवरत नाही. एवढं प्रेम! बंधूंनो, मी दहाव्यालाही जातीने येणार."

उमाजीने डोळे मिटून घेतले. एक दिवस काकाचं तोंड बंद ठेवताना त्याच्या हाताला फोड आला होता. आता दहावा.

दहाव्याला ओढ्याकाठी पिंड ठेवला. केळीच्या पानावर भात, त्यावर दही, बाजूला लखूंच्या आवडीचं सुक्या बांगड्याचं तिखट. ते भटजींनी पाहून न पाहिल्यासारखं केलं. समोरच्या ऐनाच्या झाडावर कावळे येऊन बसले. सगळे मागे सरले. रावसाहेब मानाच्या जागी पुढे उभे होते आणि त्यांच्या खांद्याला खांदा लावून नागू, बंदूक उभी धरून.

कावळे पिंडाकडे बघत होते. नागूकडे बघत होते. पुन्हा पिंडाकडे बघत होते. खाली मात्र एकही येईना.

"इच्छा राहिली असेल," भटजी म्हणाले. "वचन द्या."

उमाजी पुढे झाला. "आप्पा, अव्वाला काय कमी पडू देणार न्हाई." कावळ्याने मान तिरकी केली. "काळी म्हस इकणार न्हाई." कावळ्याने पंख साफ केला. "कुंपणाचा तंटा आजच मिटवतो!" शेजाऱ्याने घाईघाईने मान डोलावली. कावळा ढिम्म.

ऊन चढलं. कावळा शिवल्याशिवाय कुणाला घास घेता येत नव्हता. घरी पारूने रांधून ठेवलेलं गार होत होतं, आणि रावसाहेब सकाळी नुसत्या चहावर निघाले होते. त्यांच्या पोटातून आवाज आला तेव्हा झाडावरच्या एका कावळ्याने त्याला उत्तर दिलं.

हळूहळू सगळ्यांच्या नजरा म्हादूकाकाकडे वळल्या. म्हादूकाका उमाजीकडे बघत होता.

"तुला ठाव हाय काय ऱ्हायलंय ते," तो हळूच म्हणाला. "तू माझं तोंड बांधलंस, तितं त्याचा जीव बांधला गेला."

"असेल ते बोलून टाका हो!" भटजी कावले. "मलाही घर आहे."

"बोला, बोला," रावसाहेब म्हणाले. "मृतात्म्यापुढे संकोच कसला?"

उमाजीने पिंडाकडे पाहिलं. रावसाहेबांच्या पगडीकडे पाहिलं. पगडीत त्याला पाटीलकी दिसत होती, भातात बाप. त्याने मोठा सुस्कारा सोडला.

"बोला, काका. एकदाचं बोला."

म्हादूकाकाने जोरात श्वास घेतला, विडा थुंकला आणि सुरुवात केली. साकवावरून निघाला तो नाचणीवर गेला, नाचणीवरून हरवलेल्या अर्जांवर, अर्जांवरून रावसाहेबांच्या वजनावर. "दर फिरतीला जड होत चाललाय ह्यो! आमी पाठीवर घ्यायचा, आन् ह्येनं वरनं सांगायचं, साकव होणार! आरं, साकव झाला न्हाई म्हणून तर तू माझ्या पाठीवर हाईस!" लखू बुधवंतही इतकं नीट कधी बोलले नसते. लोक श्वास रोखून ऐकत होते. रावसाहेब पांढरे पडले. उमाजीने मनातल्या मनात पाटीलकीला पाणी सोडलं. दर्भ हातात होताच.

आणि कावळा आला नाही.

"माझं सपलं," म्हादूकाका कपाळ पुसत म्हणाला. "आता ऱ्हायलं ते ह्येंचंच."

सगळे रावसाहेबांकडे पाहू लागले. त्या नजरांमध्ये आता राजकारण नव्हतं, निव्वळ भूक होती. रावसाहेबांनी इकडेतिकडे पाहिलं, पगडी सारखी केली आणि झाडाकडे हात जोडले.

"लखूभाऊ, साकव पावसाळ्याआधी होईल."

"काव," कावळा म्हणाला. जागचा हलला नाही.

"शपथ घेतो."

कावळ्याने शेपूट फिरवलं.

"अहो, आता काय हवंय तुम्हाला!" रावसाहेब रडकुंडीला आले. "बरं, ऐका. साकवाचं लाकूड मंजूर झालं होतं. ते... ते माझ्या माडीला लागलं. झालं समाधान?"

म्हादूकाकाने आपली पाठ चाचपली.

नागूची मात्र पाचावर धारण बसली. ते लाकूड सुप्याला गाडीतून त्यानेच वाहून नेलं होतं. लखूभाऊ आता गाडीवानाचं नाव विचारणार, हे त्याने ओळखलं. आणि रावसाहेब पुढे काही बोलायच्या आत तो बंदुकीसकट गुपचूप मागच्या बांबूच्या बेटाआड झाला.

तोच झाडावरून काळी रेघ उतरली. एक कावळा थेट पिंडावर, दुसरा बांगड्यावर.

"शिवला! शिवला!" लोक ओरडले. कुणी रडलं, कुणी रावसाहेबांच्या पाया पडलं. म्हादूकाकाने तर त्यांना मिठी मारली. स्वतः रावसाहेब चकित होऊन कावळ्याकडे बघत होते. खरं बोलण्याचा परिणाम ते पहिल्यांदाच पाहत होते.

बांबूच्या बेटाकडे बघत होता एकटा उमाजी. तिथून बंदुकीची नळी आणि विडीचा धूर दिसत होता. त्याने तोंड उघडलं. मग गेले दहा दिवस काकाला जे सांगत होता ते त्याला आठवलं, आणि त्याने ते मिटलं.

साकव पावसाळ्याआधी झाला. फळ्यांना माडीवरच्या खुंट्या तशाच होत्या. ओढा ओलांडताना लोक त्यांना घोंगडी अडकवून घटकाभर गप्पा मारत बसत. पाटीलकीची शिफारसही रावसाहेबांनी स्वतःच केली. ज्याचा बाप कावळा होऊनही पाठ सोडत नाही, त्याला नाराज ठेवण्यात अर्थ नव्हता.

पुढे एकदा शेजारच्या वाडीचे एक जुने बुधवंत वारले. रस्ता देतो म्हणून बोर्डावरच्या दुसऱ्या एका पुढाऱ्याने त्यांना वर्षानुवर्षं झुलवलं होतं. त्यांच्या मुलांनी येऊन विचारलं, "पाटील, मयताला पुढाऱ्यावर बोलावं का बोलू नये?"

"मयताला अजाबात न्हाई," उमाजी पाटील गंभीरपणे म्हणाले. "मयताला तेंनाच बोलू द्यावं. मातर दहाव्याला अगत्यानं बलवा. आन् निरोपात सांगा, रानाचा मामला हाय, बंदूकवाला संगं आणल्याबिगर येऊ नका."